गादीवाल्याची काटकसर

९ जानेवारी

आज सकाळी बायकोने माझे जुने बूट पॉलिश करायला काढले. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण बायकोने माझे बूट कधी पॉलिश केलेले नाहीत. म्हणजे वेळच वाईट होती. बुटांच्या खोक्यात बूट नव्हते. तीन क्रेडिट कार्डांची अकरा महिन्यांची बिलं होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती एक्स-रे काढते. "श्वास रोखा" आणि "सोडा" एवढ्या दोन शब्दांवर तिचा दिवस जातो, ओरडायची सवयच नाही. तिने एकेक बिल खिडकीच्या उजेडात धरलं, फिल्म धरावी तसं, आणि शेवटी म्हणाली, "तीन लाख शहाऐंशी हजार."

"शहाऐंशीला दोनशे कमी आहेत," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

मग मी बाजू मांडली. तुझ्या आईच्या पाठीसाठी मालिशची खुर्ची. लेकीला दुर्बीण. तुला व्यायामाची सायकल (ही चूक झाली, मान्य). सगळ्यांना त्या तळ्याकाठच्या हॉटेलात चार दिवस. एक पैसा वाईट गोष्टीवर गेलेला नाही. दारू नाही, जुगार नाही, बाई नाही.

"तेच तर," ती म्हणाली. "त्यातलं काही असतं तर निदान भांडता आलं असतं."

मग तिने कात्री मागितली. मी तिन्ही कार्डं स्वतःच्या हाताने कापली. आणि खरं सांगतो, इतकं हलकं वाटलं की मी शीळ घातली. बायकोने माझ्याकडे बघितलं. शीळ थांबवली.

१० जानेवारी

दुकान उघडायला अजून वीस मिनिटं आहेत. नमुन्याच्या पलंग नंबर चारवर बसून लिहितोय. ही दैनंदिनी एका गादीच्या कंपनीने फुकट दिली आहे. फुकट! या शब्दाला काय नाद आहे, हे मला आजवर कळलंच नव्हतं.

मी गाद्या विकतो. चोवीस वर्षं. लोक बूट काढून आडवे होतात, छताकडे बघतात, आणि मी वाकून हळूच म्हणतो, "शून्य व्याज, सोपे हप्ते." काल रात्रीच्या जेवणाला सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर अंथरुणं विकलीत जावईबापू, पण पाय पसरताना एकदाही खाली बघितलं नाहीत." सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. अजूनही बोलतात तेव्हा वाटतं, पलीकडे कुणीतरी लाइनवर थांबलंय.

घरात काटकसर मंडळ स्थापन झालं. खजिनदार बायको. लेक चिटणीस. ती पंधरा वर्षांची, लहानपणापासून गोळ्यांचे कागदसुद्धा जपून ठेवते म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो. सासूबाई सल्लागार. माझ्याकडे पद नाही, पण उत्साह सगळा माझ्याकडे आहे. माझा मोबाइल मी स्वतःहून बंद केला. घरचा जुना फोन आहेच. बसचा पास बंद, चाळीस मिनिटं चालत यायचं. आज आलोसुद्धा! वाटेत मला सूर्य दिसला. आहे अजून.

१४ जानेवारी, रविवार

बायको सकाळीच गेली. तिच्या सेंटरचं यंत्र बिघडलंय म्हणे, दुरुस्तीवाल्यासमोर कुणीतरी उभं राहावं लागतं.

तोवर मी दोन मोठी कामं उरकली. एक, बाजारात कांदा निम्म्या भावात होता म्हणून चाळीस किलो घेतला. दोन, केस कापायचं यंत्र घेतलं, बारा पाती आणि गळ्याभोवती बांधायचं एक कापड यांच्यासकट. चार माणसांची दरमहा कापणावळ धरली तर हे यंत्र दीड वर्षात फुकट पडतं. पहिला प्रयोग स्वतःवर केला. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "एका बाजूने लाइन लागलीये. दुसरी बाजू एंगेज आहे."

बायको संध्याकाळी आली. दमलेली होती. कांद्याचं पोतं बघितलं, माझं डोकं बघितलं, आणि खुर्चीवर बसून हसायला लागली. थांबेचना. नऊ तारखेनंतर पहिल्यांदा हसली. मीही हसलो, खारूताईही हसली, मग यंत्राचं बिल बघून बायको थांबली.

मंडळाचा पहिला ठराव: काटकसरीसाठी खरेदी करायची नाही.

२ फेब्रुवारी

कांद्यांना कोंब फुटले. आज सकाळी कांद्याचं सूप, दुपारी कांद्याचं ऑम्लेट. रात्री काय, हे खारूताईने विचारलं नाही. ती म्हणाली, "बाबा, तू आता खर्च करत नाहीस तर तुला कंटाळा येत नाही?" मी म्हणालो, अजिबात नाही! उलट रोज नवीन काहीतरी सुचतं. ती म्हणाली, "हो, तेच." आणि अभ्यासाला गेली. मुली लवकर मोठ्या होतात, बोलणं कळत नाही त्यांचं.

पहिल्या महिन्यात एकतीस हजार भरले. एकतीस! मी एवढं वाचवलं कुठून, मलाच नवल वाटतं. दिवे मालवतो, तेच असणार.

१० मार्च, रविवार

यंत्र पुन्हा बिघडलं. जानेवारीपासून एकही रविवार चुकलेला नाही. असलं यंत्र मी कुणाला विकलं असतं तर मालकाने मला त्यातच घातलं असतं. बायकोला म्हणालो, तुमचा दुरुस्तीवाला चोर आहे, बदला त्याला. ती म्हणाली, "बघू." तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. त्या यंत्राची काळजी हिलाच का!

१८ एप्रिल

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली, लिहून ठेवतो.

दुपारी एक जोडपं आलं. तो बस चालवतो, ती शिवणकाम करते. नवी खोली, नवा संसार. सगळ्यात मोठी गादी बघायला आले, ती स्प्रिंगची, दहा इंच जाडीची, हॉटेलात असते तसली. दोघं बूट काढून शेजारी शेजारी आडवे झाले. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं आई गं." एवढ्यावर निम्मी विक्री होते. मी वाकलो. "शून्य" एवढं तोंडातून आलं, आणि पुढचा शब्द येईना. खरंच येईना! घसा साफ केला, पाणी प्यायलो.

"चोवीस हप्ते ना?" तो म्हणाला. "दोन माझ्या कार्डावर आधीचे चालू आहेत, पण होईल."

"खोली केवढी आहे तुमची?" मी विचारलं.

"दहा बाय दहा."

"मग ही आत नेल्यावर तुम्ही उभे कुठे राहणार?"

ती पडल्या पडल्या हसायला लागली. मी त्यांना मागच्या रांगेतली साधी चार इंची कापसाची दाखवली. म्हणालो, "मीही अशाच गादीवर झोपतो. पाठ ताठ आहे, बघा." त्यांनी रोख पैसे दिले, गादीची गुंडाळी केली आणि दोघांनी दोन टोकांना धरून पायीच नेली. रस्त्यावर लोक बाजूला होत होते, वरात चालल्यासारखी. मी दारात उभा राहून हात हलवला. असा आनंद मला मालिशची खुर्ची घेतानाही झाला नव्हता.

मालक काचेच्या खोलीतून बघत होते. त्यांनाही आवडलं असावं.

३ जून

आवडलं नव्हतं.

एप्रिलपासून मी एकही मोठी गादी हप्त्यावर विकलेली नाही. शब्दच फुटत नाही. आज मालकांनी बोलावलं. "तुला पगार गाद्या विकायचा देतो की प्रवचनाचा? गिऱ्हाईक लाखाचं स्वप्न घेऊन येतं आणि तू त्याला उशी देऊन पाठवतोस." मी म्हणालो, उशीही चांगलीच होती. ते म्हणाले, "उद्यापासून खाली."

खाली म्हणजे तळघरातलं गोदाम. गाद्या उसवायच्या, कापूस पिंजून परत भरायचा. पगार आहे, पण विक्रीवरचं कमिशन गेलं. माझ्या हप्त्यातला सगळा भार कमिशनवरच होता.

घरी सांगितलं नाही. सांगणारच होतो, पण बायकोने आज गंमत म्हणून फळ्यावर खडूने एक आलेख काढला होता, आणि कर्जाची रेघ खाली खाली जात होती. खारूताई टाळ्या वाजवत होती. अशा वेळी माणूस काय सांगणार?

११ जून

मी बुटांच्या खोक्यात पुन्हा काहीतरी लपवलंय.

एका बँकेचं पत्र आलं. नवीन कार्ड, आधीच मंजूर. पहिले सहा महिने व्याज नाही. या महिन्याला अकरा हजार कमी पडताहेत. फक्त या महिन्यापुरतं. मग कमिशन परत सुरू झालं की लगेच भरून टाकीन, कुणाला कळणारही नाही. अर्ज भरला. मोबाइल नाही म्हणून घरचा नंबर दिला. सही करताना हात थरथरला नाही, हेच मला आवडलं नाही. पाकीट पेटीत टाकलं.

आज शीळ वगैरे काही नाही.

१९ जून

संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई फोनवर होत्या, अगदी नोकरीतल्या आवाजात. "नाही, ते इथे राहत नाहीत. देश सोडून गेले. हो, कायमचे. नाही, पत्ता दिलेला नाही. धन्यवाद, नमस्कार." आणि कट्कन ठेवला.

"कोण?" मी विचारलं.

"राँग नंबर."

कुणाचा तरी माणूस असा घरदार सोडून निघून जातो, आणि एवढीशी बातमी राँग नंबरवरून कळते! मला फार वाईट वाटलं. सासूबाईंना तसं म्हणालोही. त्यांनी माझ्या पानात आणखी एक अंडं वाढलं.

२ जुलै

बँकेचं पत्र. "अर्जदार कायमस्वरूपी परदेशी गेल्याचे समजल्याने अर्ज रद्द करण्यात येत आहे." मी? मी तर आठवडाभर तळघराबाहेर गेलेलो नाही! एवढ्या मोठ्या बँकेत असा गोंधळ, आणि हे लोक आपले पैसे सांभाळतात.

पत्र पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं की मला हसू येतंय. सुटलो! कुण्या कारकुनाने कागदांची अदलाबदल केली आणि मी सुटलो. पत्राचे बारीक तुकडे केले. पण अकरा हजार कमी पडणार ते पडणारच. बायकोला सांगायला हवं. रविवारी सांगतो.

७ जुलै, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

बायको नेहमीप्रमाणे सकाळी गेली. मी ठरवलं, तिचा डबा घेऊन सेंटरला जायचं आणि तिथेच सांगून टाकायचं. त्या चोर दुरुस्तीवाल्यालाही बघून घेऊ. सव्वा तास चाललो.

आत गर्दी. प्लास्टरमधले हात, पाठीला धरलेली म्हातारी माणसं, खोकणारी बाळं. काउंटरवरच्या बाईला विचारलं, यंत्र कधी दुरुस्त होणार? ती म्हणाली, "यंत्राला काय झालंय?"

"दर रविवारी बिघडतं ते."

"रविवारी तर सगळ्यात जास्त चालतं. बाकी सगळी सेंटर बंद असतात ना. मॅडम जानेवारीपासून रविवारची जादा ड्यूटी करतात, म्हणून जमतंय." आणि तिने सवयीने माझ्या हातात टोकन ठेवलं. तेहतीस.

मी बाकावर बसलो. डबा मांडीवर. दीड तासाने तेहतीस पुकारला. आत गेलो. अंधारी खोली, शिशाचा जड अंगरखा घातलेली पाठमोरी बायको. तिने मागे न बघताच सांगितलं, "शर्टाचं बटण धातूचं असेल तर काढा. छाती फळीला लावा. श्वास रोखा."

मी छाती फळीला लावली. श्वास रोखला.

मग तिने वळून बघितलं.

"यंत्र चालू आहे," मी कसंबसं म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "सोडा आता श्वास. निळे पडाल."

मी सोडला आणि त्याबरोबर सगळंच बाहेर आलं. गोदाम, कमिशन, अकरा हजार, नवीन कार्डाचा अर्ज. ती ऐकत होती. शेवटी पुढे आली आणि माझ्या कॉलरवरून काहीतरी उचललं. कापसाचा पुंजका.

"गोदामाचं महिन्याभरापूर्वीच कळलं," ती म्हणाली. "रोज शर्ट मीच धुते. वरच्या मजल्यावर कापूस कुठे उडतो?"

"आणि कार्डाचं?"

तिच्या तोंडावर हसू आलं, मला नीट कळलं नाही कसलं.

"अजून किती रविवार?" मी विचारलं.

"पहिलं कार्ड संपेपर्यंत. पंचावन्न हजार उरलेत. मग थांबेन." आणि दार उघडून तिने हाक मारली, "चौतीस!"

एकतीस हजार कुठून येत होते ते आता कळलं. दिवे मालवून येत होते म्हणे! वाटेत मी स्वतःला मोठ्याने गाढव म्हणालो. समोरून येणाऱ्या माणसाने रस्ता बदलला.

२८ जुलै, रविवार

विक्री! विक्री! विक्री!

चोवीस वर्षं दुसऱ्याचा माल विकला, आज स्वतःचा विकायला काढला. इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत सगळं मांडलं. मालिशची खुर्ची, सायकल, केस कापायचं यंत्र, पाव भाजायची दोन यंत्रं (दोन का, आठवत नाही), पाण्यावर तरंगणारी गादी, आणि दुर्बीण. खारूताईने किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, सासूबाईंनी परिचितांना फोन जोडले. पन्नास माणसं जमली, फोन काय चालवतात त्या!

आणि मला वाचा फुटली. "या सायकलवर आमच्या घरात एकूण चार दिवस व्यायाम झाला! त्यानंतर दीड वर्ष ओले कपडे! तरी गंज नाही! घ्या!" लोक खदखदून हसले आणि सायकल गेली. "केस कापायचं यंत्र! एकदाच वापरलं, पुरावा माझ्या डोक्यावर होता!" तेही गेलं. खरं बोलून विकण्यात एवढी मजा असते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुर्बीण मी मागे सरकवली होती. खारूताईने ती पुढे आणली.

"ती राहू दे गं," मी म्हणालो.

"बाबा, त्यातून तारे कधी दिसलेच नाहीत. समोरची इमारत आड येते."

"मग तू रोज संध्याकाळी तासभर काय बघायचीस?"

"तुझी बस," ती म्हणाली. "वळणावरून दिसायची. मग मी आजीला सांगायचे, चहा ठेव." आणि समोरच्या माणसाकडे वळून म्हणाली, "काका, भिंगाला एकही ओरखडा नाही. हात लावून बघा."

मी थोडा वेळ पाव भाजायच्या यंत्रामागे जाऊन उभा राहिलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

सगळ्यात शेवटी खुर्ची उरली, आणि गर्दीतून कोण पुढे यावं? मालक! त्यांच्याही घरी सासूबाईंचा फोन गेला होता. ते थेट खुर्चीत बसले. मी बटण दाबलं. खुर्ची गुरगुरली. मालकांचे गाल हलायला लागले.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. आवाजही हलत होता.

"पाठीला उत्तम. मानेचा भाग चालत नाही. आवाज फार करते. नवीन असताना ज्या किमतीला घेतली तेवढ्याची ती कधीच नव्हती."

"हप्त्यावर देशील?"

"नाही. रोख."

मालक डोळे मिटून बराच वेळ बसले, मला वाटलं झोपलेच. मग खिशातून पाकीट काढलं. "उद्यापासून वर ये," ते म्हणाले. "ते बसवालं जोडपं आठवतं? त्यांनी आजवर सात गिऱ्हाइकं पाठवली. सगळे विचारतात, तो खोली मोजणारा माणूस कुठे आहे? पण हप्त्यांबद्दल माझ्या दुकानात तोंड उघडायचं नाही."

"विचारलं तर उघडणार," मी म्हणालो. कुठून धीर आला, माहीत नाही.

"मग निदान हळू उघड," मालक म्हणाले, आणि खुर्ची उचलायला चार माणसं शोधू लागले.

एकूण अठ्ठावन्न हजार. बायको सेंटरवरून आली तेव्हा मोकळ्या जागेत फक्त आम्ही तिघं होतो, नाचत. सासूबाईसुद्धा. पाठीला काही झालेलं दिसलं नाही.

१ सप्टेंबर, रविवार

पहिलं कार्ड संपलं. बँकेचा कागद आला, फ्रिजवर लावलाय. अजून दोन बाकी आहेत आणि त्यांना दीड-दोन वर्षं लागतील, खजिनदारांनी हिशोब करून दाखवला. लागू देत.

आज बायकोला ड्यूटी नाही. घरात सकाळपासून सगळे चवड्यांवर चालताहेत. खारूताईने भांडी घासली नाहीत, आवाज होईल म्हणून. अशी काटकसर तिला नेहमीच आवडते. सासूबाईंनी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलाय. एकतीस वर्षांत असं केलं नव्हतं म्हणाल्या. मी दाराशी स्टूल घेऊन बसलोय, कुणी बेल वाजवायच्या आत दार उघडायचं. इस्त्रीवाला आला, त्याला खुणेनेच परत पाठवला.

दहाला आतून धडपड ऐकू आली. बायको केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आली, एका पायात चप्पल, दुसरी शोधत. "किती वाजले? मला उठवलं का नाही?"

"रविवार आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर!" ती म्हणाली, आणि मध्येच थांबली. घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "मग आता मी काय करू?"

"काही नाही."

ती जरा वेळ तशीच उभी राहिली, कुठेतरी जायचं विसरल्यासारखी. मग चप्पल काढली, आत गेली आणि परत आडवी झाली. पाचच मिनिटं, म्हणाली.

आता पावणेबारा झालेत.